शिबिरातला विजय महिनाभर पण टिकत नाही, मग करायचं काय?

प्रश्न थोडक्यात देतो, म्हणजे बाकीच्यांना पण कळेल. विचारणारा सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात डिस्पॅचला आहे, लग्न झालंय. मे महिन्यातल्या शिबिरात विजयी ख्रिस्ती जीवनावर संदेश ऐकला, शेवटी पुढे गेला, रडला, समर्पण केलं. दोन-तीन आठवडे झकास गेले आणि मग परत बायकोवर खेकसणं, रात्री मोबाईलवर नको ते बघणं, मावा. पुढं लिहितो, "कोणी म्हणतं विश्वास कमी पडतोय, कोणी म्हणतं एकवीस दिवस उपवास धर, एकजण तर म्हणाले घरावर बंधन आहे, ते तोडायला लागेल. कामावर शेठ सेकंड माल फर्स्टमध्ये घालायला लावतात. घराच्या वाटणीवरनं मोठ्या भावाशी पण बोलणं बंद आहे. मी नक्की काय करू, आणि पुढच्या शिबिराला जाऊ का?"

मी पाळक नाही. मंडळीत वडील, म्हणजे एल्डर आहे, तरुणसंघ आणि गृहसभा बरीच वर्षं बघतोय, आणि हा प्रश्न दरवर्षी जून-जुलैत येतोच, कारण शिबिरं मे मध्ये असतात.

विश्वास कमी पडतोय हे आधी डोक्यातनं काढ. प्रभूनं मोहरीच्या दाण्याएवढा पुरतो म्हटलंय, मग लोकांकडं कुठला तराजू आलाय मोजायला? किती आहे ते सोड, कशावर टेकलाय ते बघ. माझा अंदाज असा की शिबिरात तुझा विश्वास हळूच प्रभूवरनं सरकून तुझ्या समर्पणावर जाऊन बसला, म्हणजे "यावेळी मी एकदम मनापासून दिलंय, आता होणार." मग कामाचा ताण, उकाडा, पाणी चार-पाच दिवसाआड, लाईट गेलेली, बायकोचं काहीतरी लागलं, तू भडकलास, आणि लगेच वाटलं की समर्पणच खोटं होतं. समर्पण खोटं नव्हतं, पण ते टेकायची जागा नाही. टेकायची जागा वधस्तंभावर जे झालं ती, आणि ते तुझ्या मूडवर बदलत नाही.

थोडं बाजूचं सांगतो, कारण हे माहीत नसल्यामुळं पोरं फार गोंधळतात. "विजयी जीवन" ही शिकवण ज्या पद्धतीनं आपल्या शिबिरांत येते, म्हणजे निर्णयाचा एक क्षण, पूर्ण समर्पण आणि मग वरच्या पातळीवरचं जीवन, तिचं मूळ बरंचसं इंग्लंडमधल्या केझिक गावच्या सभांमध्ये आहे, त्या १८७५ साली सुरू झाल्या. त्यातनं चांगलं पण खूप निघालं, किती मिशनरी त्या सभांतनं बाहेर पडले. पण त्याच काळात जे. सी. राईल, जे पुढं लिव्हरपूलचे पहिले बिशप झाले, त्यांनी ठणकावून सांगितलं की बाबांनो, पवित्र शास्त्र पवित्रतेला धावणं म्हणतं, कुस्ती म्हणतं, लढाई म्हणतं, नुसतं सोडून दे आणि पडून राहा असं कुठं म्हणत नाही. मी स्वतः या बाबतीत राईलसाहेबांच्या बाजूचा आहे, पण केझिकवाल्यांची एक गोष्ट मला पटते, की लढाई सुरू व्हायच्या आधी तू कोणाचा आहेस हे नक्की झालेलं पाहिजे.

ते रोमकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात आहे. आज रात्री तो अध्याय मोठ्यानं वाच, बायकोला पण ऐकू दे. पत्र लिहिणारा प्रेषित पौल आधी आज्ञा देतच नाही, आधी सांगतो काय झालंय ते: ख्रिस्ताबरोबर तुम्ही मेलात, त्याच्याबरोबर उठलात. मग ११व्या वचनात म्हणतो आता तसं धरून चाला, आणि मग १३व्यात म्हणतो तुमचे अवयव देवाच्या हाती द्या. क्रम बघ. आपण उलटं करतो, आधी अवयव आवरायला जातो आणि आवरले तर मग मानणार की मी मेलोय. पौल तिथं गुलाम आणि मालक असं उदाहरण घेतो, सोलापुरात सांगायचं तर असं समज की तू एका कारखान्यातला हिशोब पूर्ण करून दुसरीकडं लागलास, आणि अशोक चौकात चहाच्या गाडीवर जुना मुकादम भेटला आणि नेहमीच्या आवाजात ओरडला, "काय बे, बसलायस काय, ऊठ की, गाडी भरायची हाय!" तू सवयीनं अर्धा उठशील. अंगात भिनलेलं असतं ते. पण मग आठवेल की याचा माझ्यावर काडीचा हक्क राहिला नाही, आणि परत बसशील, चहा पिशील. उठावंसं वाटलं म्हणून तू अजून त्याचाच कामगार आहेस असं होत नाही. आणि उठून खरंच चार गाठोडी भरून दिलीस तरी तू त्याचा होत नाहीस, फक्त तुझी कंबर फुकट जाते.

म्हणजे ओढ राहणार. गलतीकरांसच्या पाचव्या अध्यायात १७वं वचन सरळ सांगतं की देह आणि आत्मा एकमेकांच्या विरुद्ध आहेत, आणि हे पौल विश्वासणाऱ्यांनाच लिहितोय. तुला मोहच येणार नाही असं कोणी शिबिरात सांगितलं असेल तर ते चुकीचं सांगितलं. मोह येऊन तू त्याला नाही म्हणालास, तर तो विजय. दहा वेळा आला, नऊ वेळा नाही म्हणालास आणि दहाव्यांदा पडून लगेच उठलास, तर ते पण हरलेलं जीवन नाही, चालणारं जीवन आहे.

आता मुद्द्याचं. तुझ्या प्रश्नात मोबाईल, मावा, राग हे सगळं वर आहे आणि भाऊ सगळ्यात शेवटी, "पण" लावून, जाता जाता. मला तिथनंच सुरुवात करायचीय.

यहोशवाच्या पुस्तकात यरीहो पडल्यावर लगेच आय नावाचं छोटंसं गाव लागतं. तिथं इस्राएल लोक हरतात, छत्तीस माणसं मरतात. त्यांचा पुढारी यहोशवा कपडे फाडतो, देवाच्या कराराच्या कोशापुढं पालथा पडतो, संध्याकाळपर्यंत पडूनच. आपल्या भाषेत उपवास प्रार्थना. आणि देव त्याला काय म्हणतो? ऊठ, असा पालथा का पडलायस? कारण छावणीत त्यांच्यातल्याच आखान नावाच्या माणसाच्या तंबूत जमिनीखाली, घेऊ नका म्हणून सांगितलेल्या लुटीतला शिनारचा झगा, दोनशे शेकेल चांदी आणि पन्नास शेकेलची सोन्याची वीट पुरलेली होती, आणि ते प्रार्थनेनं बाहेर येणारं नव्हतं, ते उकरूनच काढायला लागणार होतं. मी उपवासाच्या विरोधात अजिबात नाही, आम्ही पण धरतो. पण एक ठराविक गोष्ट करायची आहे हे स्पष्ट कळलेलं असताना माणूस त्या गोष्टीच्या भोवती प्रार्थना करत फिरतो, तिला हात लावत नाही, आणि मग म्हणतो प्रभू ऐकत नाही, हे मी इतक्यांदा बघितलंय की आता कोणी "एकवीस दिवस उपवास" म्हणालं की माझा पहिला प्रश्न असतो, कोणाशी बोलणं बंद आहे?

(यावरनं कोणी असं धरू नये की प्रत्येक संकटामागं लपलेलं पाप असतं. ईयोबाच्या मित्रांनी तेच धरलं आणि शेवटी देवानं त्यांनाच झापलं. मी फक्त जे तू स्वतः लिहिलंयस त्यावर बोलतोय.)

मत्तय ५:२३-२४ तुला पाठ असेल, संडेस्कूलमध्ये करून घेतात. वेदीपाशी अर्पण घेऊन आलास आणि तिथं आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथंच ठेव, आधी जा. प्रभूनं चूक कोणाची हे विचारलंच नाही. आणि त्यात तुला काय वाटतं हा विषयच नाही, जा एवढंच आहे.

आमच्या गृहसभेत एक भाऊ होते, असंच वाटणीचं प्रकरण, दोन खोल्यांच्या मध्ये भिंत घातलेली, नळ एकीकडं आणि संडास दुसरीकडं. वर्षानुवर्षं दोघं एकाच मंडळीत, प्रभुभोजनाला एक डाव्या बाजूनं येणार, एक उजव्या. एका रविवारी उपासना सुटल्यावर हे थेट धाकट्याच्या दारात गेले. हातात काही नाही, पिशवी नाही, चपला काढून बाहेरच उभे. धाकट्याची बायको आतनं म्हणाली, "कोण हाय?" आणि बघितल्यावर गप्पच झाली. धाकटा बाहेर आला, म्हणाला, "काय, नळाचं बोलायला आलाव का?" हे म्हणाले, "नाही. नळ राहू दे तुझ्याकडं. आई गेली तेव्हा मी चार माणसांत तुला जे बोललो ते चुकीचं होतं, ते सांगायला आलोय." धाकटा म्हणाला, "बरं." एवढंच. चहा नाही, मिठी नाही, रडणं नाही, दार लावून घेतलं. हे घरी आले आणि मला म्हणतात, "मी गेलो, पण काही झालं नाही." मी म्हणालो झालं की, तुम्ही गेलात.

पुढं काय झालं विचारशील तर भिंत अजून आहे. बोलणं सुरू झालं, पण दवाखाना आणि लग्नकार्यापुरतं. साक्षीच्या वेळी सांगावं असं काही चमत्कारिक नाही. पण या माणसाचा घरातला राग मात्र उतरला, बायको स्वतः म्हणाली. कारण आतमध्ये रोज एक खटला चालू असायचा, मी बरोबर तो चूक, त्याचे साक्षीदार, त्याचे पुरावे, आणि संध्याकाळी घरी येईपर्यंत माणूस तापलेलाच, मग समोर जो येईल त्याच्यावर निघायचं. तो खटला त्यांनी काढून घेतला.

तुझं पण असंच असेल असं मी छातीठोक म्हणत नाही. पण जा. वाटणीचा हक्क सोड असं मी म्हणत नाहीये हे नीट समजून घे, कागदपत्रं कागदपत्रांच्या जागी, वकील लागला तर वकील. रोमकरांस १२:१८ मध्ये "तुमच्याकडून होईल तितकं" सगळ्यांशी शांतीनं राहा असं आहे, म्हणजे पौलाला माहीत होतं की समोरच्याकडनं होईलच असं नाही. तुझ्या बाजूचं जे आहे, बोललेला शब्द, लग्नाला न जाणं, जे काय असेल ते, तेवढं उचल. "तू पण बोललास" हे वाक्य तिथं जीभ चावून गिळायचं.

मोबाईलबद्दल फार लांबण लावत नाही. रोमकरांस १३:१४, देहाच्या वासनांसाठी तरतूद करू नका. चार्जर उशाला आहे ना, ती तरतूद. चार्जर स्वयंपाकघरात हलव, उठायला साधं गजराचं घड्याळ आण. सेकंड शिफ्टवरनं येऊन दमलेला, एकटा, सगळे झोपलेले, हीच वेळ असते, तेव्हा त्या वेळेला आत्मिक ताकद गोळा करत बसण्यापेक्षा संध्याकाळीच बंदोबस्त कर. आणि एका माणसाला सांग, याकोब ५:१६ मध्ये एकमेकांजवळ पापं कबूल करा असं आहे. तरुणसंघाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नको रे बाबा, एकच माणूस, पोटात ठेवणारा, वयानं थोडा मोठा, आणि जो आठवड्यानं आपणहून विचारेल.

मावा वेगळा विषय आहे आणि इथं आपले लोक घोळ घालतात. मावा म्हणजे तंबाखू, सुपारी, चुना, त्यात निकोटिन आहे आणि शरीराला त्याची सवय लागते. प्रार्थनेनं एका दिवसात सुटलेले लोक आहेत, त्यांच्यासाठी देवाची स्तुती. पण ज्याचा सुटला नाही तो अविश्वासू असं म्हणणं हा निव्वळ अन्याय आहे. सोडलास की पहिले काही दिवस चिडचिड होते, डोकं जड होतं, झोप लागत नाही, ते अंगातलं निकोटिन उतरताना होतं, त्याला सैतानाचा हल्ला समजून घाबरू नको. तंबाखू सोडायचा सरकारी फुकट नंबर पाकिटावरच छापलेला असतो, १८००-११-२३५६, फोन कर, दातांच्या डॉक्टरला एकदा तोंड दाखव. डॉक्टरकडं जाणं हे पण आज्ञापालनच आहे, शरीर पवित्र आत्म्याचं मंदिर आहे असं आपणच म्हणतो ना. आणि बायकोला आधी सांगून ठेव की हे दिवस मी तापट असेन, म्हणजे ती पण सावध राहील.

शेठचं. दानीएलाचा पहिला अध्याय बघ, त्यात मला नेहमी आवडतं ते हे की राजाच्या ताटातलं खायला सांगितलं तरी हा पोरगा ताट भिरकावत नाही, भाषण ठोकत नाही. मनात ठरवतो, मग वरच्या अधिकाऱ्याला विनंती करतो, तिथं जमत नाही म्हणून कारभाऱ्याकडं जातो आणि त्याला पर्याय देतो, दहा दिवस आम्हाला डाळ-भाजी आणि पाणी देऊन बघा. तसं तू शेठला म्हण की सेकंड माल सेकंड म्हणून वेगळ्या दरानं काढू, मी गिऱ्हाईक शोधायला मदत करतो, पण फर्स्टच्या गठ्ठ्यावर माझ्या सहीनं तो जाणार नाही. नीट बोल, एकट्यात बोल, बाकीच्या पोरांसमोर नको. ऐकेल किंवा नाही ऐकेल. नोकरी जाऊ शकते हे मी लपवत नाही, घरात खाणारी तोंडं असताना हे लिहायला मला सोपं जात नाही, म्हणून बोलायच्या आधी बायकोशी बोल आणि पाळकांना कानावर घालून ठेव, मंडळी म्हणजे शेवटी अशाच वेळेला पाठीशी उभं राहायला असते.

घरावर बंधन, म्हणजे शापासारखं काहीतरी आहे म्हणणाऱ्यांबद्दल एकच, जो माणूस घरात येऊन तेल शिंपडायचे पैसे मागतो किंवा तुझ्या मेलेल्या आजोबांची नावं विचारून घाबरवतो त्याला दारातनंच जय ख्रिस्त म्हणायचं.

पडलास तर काय, हे तू विचारलं नाहीस पण तोच खरा प्रश्न आहे, कारण पडशील. १ योहान १:९ आणि लगेच पुढं २:१. कबूल कर, नाव घेऊन कबूल कर, "प्रभू माझ्या चुका माफ कर" असं मोघम नको, "आज मी बायकोला तिच्या माहेरावरनं बोललो" असं. मग तिची माफी माग, ती झोपायच्या आत. रविवारची वाट बघायची नाही, शिबिराची तर नाहीच नाही. आपली पोरं एकदा मंगळवारी पडली की उरलेला आठवडा सोडूनच देतात, आता रविवारी नव्यानं सुरू करू म्हणून, आणि मंगळवारचा एक तास खाईत जायच्या ऐवजी पाच दिवस जातात. पेत्रानं प्रभूला तीनदा नाकारलं आणि त्याच तोंडानं काही आठवड्यांत पन्नासाव्या दिवशी यरुशलेमेत उभा राहून बोलला. मध्ये काय झालं? किनाऱ्यावर प्रभूनं त्याला तीनदा विचारलं, प्रीती करतोस का, आणि लगेच काम दिलं, माझी मेंढरं चारायचं. परीक्षा घेऊन सहा महिने बाजूला बसवलं नाही.

आणि विजय म्हणजे सगळं सुरळीत होणं, प्रमोशन, फ्लॅट, आजार पळून जाणं, हे जर कोणी डोक्यात भरवलं असेल तर इब्रीकरांस ११ पूर्ण वाच, अर्धा वाचून थांबू नको. ३३ पासनं राज्यं जिंकली, सिंहांची तोंडं बंद केली, छान चाललेलं असतं, आणि ३५व्या वचनाच्या मध्यातच वळण येतं, फटके, बेड्या, करवतीनं कापले, मेंढरांची कातडी पांघरून भटकले. दोन्ही गटांना एकच विश्वास.

आपल्याकडचंच बघायचं तर पुण्याला जाताना दौंड सोडलं की केडगाव लागतं, पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन तिथं आहे, एकदा उतरून बघून ये. या बाई १८८३ ला इंग्लंडला गेल्या, डॉक्टरी शिकायचं होतं, ऐकू कमी येत असल्यामुळं ते राहून गेलं. तिथंच बाप्तिस्मा घेतला. आणि बाप्तिस्म्यानंतर कित्येक वर्षांनी त्यांना स्वतःला उमगलं की मला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळायचा राहिला होता. तेव्हा तुझी गाडी तीन आठवड्यांत अडकली म्हणून एवढं वाईट वाटून घेऊ नको. मग १८९६-९७ चा दुष्काळ आला, मध्य प्रांतात पोरीबाळी रस्त्यावर मरत होत्या, आणि बाई तिकडं जाऊन तीनशेच्या आसपास मुली घेऊन आल्या. आधी पैसा जमला, इमारत झाली आणि मग निघाल्या असं झालं नाही, मुली आधी आल्या आणि बाकीचं त्यांच्यामागनं आलं. यहोशवाच्याच पुस्तकात याजकांचे पाय यार्देन नदीच्या पाण्याला लागल्यावर पाणी थांबलं, आधी नाही, तसंच. आणि याच रमाबाईंची एकुलती एक मुलगी मनोरमा १९२१ साली त्यांच्या आधी गेली, पुढच्या वर्षी त्या स्वतः गेल्या, आणि तोवर मराठी बायबलच्या भाषांतराचं काम हातात होतं. पोरगी गेलेली बाई सकाळी उठून हिब्रूचं पान उघडते, याला मी विजयी जीवन म्हणतो.

शिबिराला जाऊ का? जा, का नाही, गाणी असतात, चार चांगली माणसं भेटतात, वचन ऐकायला मिळतं. पण परत पुढं बोलावलं की परत जायची गरज नाही, एकदा दिलंयस ते दिलंयस. आणि ते मे महिन्यात आहे. भावाकडं या रविवारी जा, जेवायची वेळ टाळून, नाहीतर त्याच्या बायकोला वाटेल जेवायलाच आला. पोरांना बरोबर नेऊ नको पहिल्या वेळी. शेंगाचटणीचं पाकीट वगैरे पण नको, रिकाम्या हातानं जा. काय बोलायचं ते आदल्या रात्री दोन ओळीत लिहून काढ आणि त्यात "पण" हा शब्द आला तर खोडून टाक.